दादांसाठी मीटिंग शोधताय? पत्त्याच्या आधी फोन नंबर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: थोरल्या भावाला दारू सोडायची आहे आणि तो स्वतःहून तयार झाला आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. तिच्या दोन मीटिंगांचे पत्ते धाकट्या बहिणीने इंटरनेटवरून काढून दिले. पहिल्या ठिकाणी दाराला कुलूप होतं. दुसऱ्या ठिकाणी मीटिंग भरली होती, पण "इथे माझं काय काम" म्हणत तो अर्ध्यातून उठून आला. आता योग्य गट कसा शोधायचा, की हा नादच सोडायचा?

सोडू नका. जे दोन प्रकार घडले ते नेहमी घडणारे आहेत आणि दोन्ही टाळता येतात. दाराला कुलूप असण्याचं कारण बहुधा जुनी यादी असते. अर्ध्यातून उठून येण्याचं कारण बहुधा असं की माणूस एकटा, कुणालाही न ओळखता, आपल्याला न मानवणाऱ्या प्रकारच्या मीटिंगला जाऊन बसलेला असतो. दोन्हीवर इलाज एकच आहे. मीटिंगला जाण्याआधी दादांचं त्या गटातल्या एखाद्या सभासदाशी बोलणं झालेलं असलं पाहिजे.

त्याआधी जिवाशी संबंधित एक गोष्ट. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम पूर्ण थांबला, तर शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं किंवा किडे दिसतात, दिवस-रात्रीचं भान राहत नाही, ताप चढतो. अशा वेळी थेट हॉस्पिटलच गाठायचं, कारण उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. दादांना सकाळी थरथर थांबवण्यासाठी घ्यावी लागत असेल, किंवा पूर्वी सोडताना कधी फिट आली असेल, तर घरच्या घरी थांबवू नका, आधी डॉक्टर गाठा. मीटिंगमध्ये डॉक्टर, नर्स, औषध यांतलं काही नसतं आणि ती डिटॉक्सची, म्हणजे शरीरातून दारू सुरक्षितपणे उतरवण्याच्या उपचाराची, जागा नाही. पण मीटिंगसाठी उपचार संपण्याची वाट पाहायचंही कारण नाही, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करता येतात. अजून पूर्ण सुटलेली नसली तरी मीटिंगला बसता येतं. एएची तिसरी 'परंपरा', म्हणजे गटांनी पाळायच्या तत्त्वांपैकी तिसरं तत्त्वच, सांगते की सभासदत्वासाठी एकच गोष्ट लागते: पिणं थांबवण्याची इच्छा. त्या दिवशी घेतलेली असेल तर बहुतेक गट शांत बसून फक्त ऐकायला सांगतात. घरी पाठवत नाहीत.

आता शोधायचं कुठे? सर्च इंजिनवर "दारू सोडणे मदत" असं टाकलं की सगळ्यात वर बऱ्याचदा खासगी उपचार केंद्रांच्या जाहिराती येतात. त्यांतल्या काहींची भाषा अशी असते की वाचणाऱ्याला वाटावं ही एएचीच हेल्पलाइन आहे. ओळखायची खूण सोपी आहे. एएचा माणूस फोनवर ॲडमिशन, पॅकेज, विमा यांबद्दल कधीच विचारत नाही आणि कुठल्याही केंद्राची शिफारसही करत नाही. एएमध्ये फी नसते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. पलीकडून पैशाची भाषा सुरू झाली की नंबर चुकला असं समजून फोन ठेवावा. (उपचार केंद्रं वाईट असतात असं नाही. फक्त तुम्ही शोधताय ती वस्तू वेगळी आहे.)

खात्रीची माहिती तीन जागी मिळते. एक, त्या देशाच्या किंवा विभागाच्या एए सेवा कार्यालयाची वेबसाइट आणि हेल्पलाइन. अनेक गटांनी मिळून चालवलेल्या स्थानिक कार्यालयाला इंटरग्रुप म्हणतात. दोन, एएचंच 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत ॲप. स्थानिक कार्यालयं जी माहिती पुरवतात तीच त्यात दिसते, त्यामुळे एखादा विभाग त्यात नसेल तर तिथे मीटिंग होत नाही असा अर्थ काढू नका. तीन, जवळच्या हॉस्पिटलातला मानसोपचार किंवा व्यसनमुक्ती विभाग. तिथल्या समाजसेवकांकडे चालू असलेल्या गटांच्या सभासदांचे नंबर पुष्कळदा असतात, कारण गटाचे लोक रुग्णांना भेटायला तिथे येत-जात असतात. तीनपैकी एकाच ठिकाणाहून पत्ता मिळाला असेल तर तो पक्का धरू नका.

याद्या जुन्या होण्यामागे साधं कारण आहे. गटांना स्वतःची इमारत नसते. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाची मागची खोली, समाजमंदिर, दवाखान्याचा हॉल अशा भाड्याच्या किंवा कुणी देऊ केलेल्या जागेत ते ठरलेल्या वारी तास-दीड तास जमतात. शाळेला सुट्टी लागली, हॉल कार्यक्रमाला दिला, जागेचा मालक बदलला की मीटिंग हलते. नियमित येणाऱ्यांना ते आदल्या दिवशी कळलेलं असतं, पण वेबसाइटवर ते यायला महिना-दोन महिने लागतात. सगळं काम सभासद आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून करतात. म्हणून यादीत पाहिलं, आता निघालो, असं करायचं नाही. यादीत सापडलेल्या नंबरवर आधी फोन करायचा.

आणि हा फोन दादांनी स्वतः करायचा आहे. नंबर लावून हातात द्या, शेजारी बसा, पण बोलू त्यांना द्या. घरच्यांनी फोन केला की हेल्पलाइनवरचा माणूस बहुधा नम्रपणे हेच म्हणतो: "त्यांना बोलायचं असेल तर त्यांना द्या." यात रुक्षपणा नाही. दुसऱ्याने आणून बसवलेला माणूस टिकत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. बोलायला जड जात असेल तर हे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा: "मला दारू सोडायची आहे. एकदा मीटिंगला गेलो होतो, जमलं नाही. या आठवड्यात जवळपास कुठली मीटिंग नक्की होणार आहे, आणि तिथे दारात मला कोणी भेटेल का?" शेवटचा भाग गाळू नका.

पलीकडून होकार आला की लगेच विचारायच्या गोष्टी: या वारी मीटिंग नक्की आहे ना, गेल्या आठवड्यात झाली होती का, कुठल्या गेटने, कितव्या मजल्यावर, मीटिंग कुठल्या भाषेत चालते, साधारण किती लोक येतात, ओपन आहे की क्लोज्ड. मजला आणि गेट विचारणं क्षुल्लक वाटेल, पण परत फिरणाऱ्यांतले बरेच जण इमारतीत पोहोचलेले असतात. गटाचा बोर्ड लहान असतो आणि मीटिंगपुरताच लावलेला असतो. वॉचमनला 'एए' म्हणजे काय ते माहीत असतंच असं नाही, आणि "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे आहे" असं मोठ्याने विचारायचा धीर पहिल्या दिवशी कुणालाच होत नाही. मग माणूस पाच मिनिटं जिन्यापाशी घुटमळतो आणि निघून जातो. दारात उभं राहणारं कोणी ठरलेलं असेल तर हा सगळा प्रकार टळतो.

एएचा न पिता जगायला शिकण्याचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे आणि त्यांतली 'बारावी पायरी' इथे कामाची आहे. बरं होत असलेल्या माणसाने पिणाऱ्यापर्यंत निरोप पोहोचवायचा, असं ती पायरी सांगते. त्यामुळे "मीटिंगच्या आधी कोणी येऊन भेटेल का?" असं विचारायला अजिबात संकोच करू नये. सहसा दोघं मिळून येतात, पुरुषाला भेटायला पुरुष आणि स्त्रीला भेटायला स्त्रिया. तासभर बसतात, स्वतःचं पिणं कसं होतं ते सांगतात, उपदेश करत नाहीत. एएची सुरुवातच अशा भेटीने झाली. १९३५ च्या मे महिन्यात, दारू सोडलेला बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात कामानिमित्त गेला होता. काम फसलं आणि हॉटेलच्या बारकडे पाय वळायला लागले. तेव्हा त्याने तिथल्या चर्चच्या यादीतले नंबर फिरवले, बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, पण बोलणं सहा तासांहून जास्त चाललं. त्याच वर्षीचा १० जून हा एएचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे आधी फोन होता, मग भेट, आणि मीटिंग त्यानंतर आली. तुमच्या शोधाचा क्रमही हाच ठेवा.

वार आणि वेळ निवडताना 'सोयीची वेळ' हा निकष चुकीचा आहे. दादा रोज किती वाजता प्यायला सुरुवात करतात ते पाहा. संध्याकाळी सातला हात बाटलीकडे जात असेल, तर सातची मीटिंग रविवारी सकाळच्या निवांत मीटिंगपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची. ती धोक्याचा तास भरून काढते. जाण्या-येण्याचा रस्ताही बघा. नेहमीच्या गुत्त्यावरून जाणारी वाट असेल तर चार पावलं लांबची वाट धरा, किंवा पहिले काही दिवस सोबत जा आणि बाहेर थांबा. आठवड्याला एक मीटिंग धरली तर मधल्या १६७ तासांत दादा एकटे असतात. सुरुवातीच्या माणसाला हे अंतर पेलत नाही. "नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग" असं सभासद सांगतात. तो एएचा लिखित नियम नाही, पण त्यामागचा विचार बरोबर आहे. रोज जमत नसेल तर पहिला महिना आठवड्याला तीन-चार तरी धरा, त्याही एकाच गटाच्या नव्हे, दोन-तीन गटांच्या. एका गटाच्या दाराला कुलूप असलं तर दुसरा हाताशी राहतो.

ओपन आणि क्लोज्ड हा फरक नीट समजून घ्या. ओपन मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं: घरचे, मित्र, विद्यार्थी, नुसतं पाहायला आलेलेही. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःला पिण्याचा त्रास आहे आणि थांबायचं आहे त्यांच्यासाठी. पहिल्यांदा तुम्हाला सोबत जायचं असेल तर ओपन निवडा. पण तुम्ही खोलीत असाल तर दादा मोकळे होणार नाहीत, म्हणून एक-दोनदा जाऊन तुम्ही बाजूला व्हा. याशिवाय मीटिंगच्या स्वरूपातही फरक असतो. स्पीकर मीटिंगमध्ये एक-दोन जण आपली कहाणी सविस्तर सांगतात. शेअरिंगच्या मीटिंगमध्ये एकेक जण तीन ते पाच मिनिटं बोलतो. स्टेप मीटिंगमध्ये बारा पायऱ्यांपैकी एक वाचून त्यावर चर्चा होते. एएच्या मूळ पुस्तकाच्या वाचनाचीही वेगळी मीटिंग असते. नवख्या माणसाला स्टेप किंवा पुस्तकवाचनाच्या मीटिंगला पाठवणं ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. चौथ्या पायरीवरची चर्चा पहिल्याच दिवशी ऐकली की कुणालाही वाटेल, हे लोक कशाबद्दल बोलतायत? दादा अर्ध्यातून उठले ती बहुधा अशीच मीटिंग असावी. त्यांच्यासाठी आधी 'बिगिनर्स', म्हणजे नवख्यांची, किंवा स्पीकर मीटिंग मागून घ्या.

खोलीत काय होतं हे आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. वेळ ६० ते ९० मिनिटं. सुरुवातीला मीटिंग चेअर करणारा सभासद प्रास्ताविक वाचतो, मग शेअरिंग. नुसतं पहिलं नाव सांगायचं, आडनाव, पत्ता, नोकरी कुणी विचारत नाही. बोलायची सक्ती नसते. "आज मी फक्त ऐकणार आहे" म्हटलं की पाळी पुढे जाते. एकाचं बोलणं सुरू असताना दुसरा टोकत नाही, सल्ला देत नाही, प्रश्नही विचारत नाही. नव्या माणसाला हे कोरडं वाटतं: मी एवढं सांगितलं आणि कुणी काहीच बोललं नाही! पण या पद्धतीमुळेच इथे वाद होत नाहीत आणि कुणाचा न्यायनिवाडा होत नाही. खरं बोलणं नंतर होतं. मध्येच वर्गणीची पिशवी किंवा टोपी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नाही. शेवटी छोटी प्रार्थना होते, नको असेल तर गप्प उभं राहिलं तरी चालतं.

मीटिंग संपल्यावरची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची असतात आणि नवीन माणूस नेमका तेव्हाच पळतो. दादांना एवढंच सांगा की तीन नंबर घेतल्याशिवाय निघायचं नाही. आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, तलफ आलेली नसतानाच, फोन करायचा. तलफ जोरात असताना अनोळखी नंबर फिरवणं जवळजवळ अशक्य असतं. आदल्या दिवशी साधं बोलणं झालेलं असेल तर तोच नंबर फिरवता येतो.

गट जमला की नाही हे एका मीटिंगवरून ठरवू नका. सहा वेगवेगळ्या मीटिंगा पाहून मग ठरवा. एकाच शहरातल्या दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाहायचं काय? वर्षानुवर्षं न पिता राहिलेले लोक आणि पंधरा दिवसांचे लोक दोन्ही खोलीत आहेत का, नव्या माणसाशी कोणी आपणहून बोलायला येतं का, आणि मीटिंग वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपते का. देवाचा उल्लेख खटकत असेल तर तेही तिथे बोलून दाखवावं. पायऱ्यांतले शब्द 'आपल्याला जसा उमगेल तसा ईश्वर' असे आहेत आणि कित्येकजण त्या जागी गटालाच धरतात. काही ठिकाणी पूर्णपणे धर्मनिरपेक्ष मीटिंगाही असतात.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र तो गट सोडावा: उसने पैसे मागणं, धंद्यात ओढणं, नव्या आलेल्या बाईमाणसाशी सलगी करणं, एकाच माणसाची हुकूमत, मीटिंगमध्ये ऐकलेलं बाहेर चघळणं. आणि "गोळ्या बंद कर, नाहीतर तू खरा सोबर नाहीस" असं कुणी म्हटलं तर ते अजिबात ऐकायचं नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारू सोडायला मदत करणारी औषधं किंवा डिप्रेशनवरची औषधं घ्यायची की थांबवायची हे फक्त डॉक्टरने ठरवायचं असतं. एएचं स्वतःचं साहित्यही बजावतं की कुठल्याही सभासदाने डॉक्टर बनू नये. निनावीपणाबद्दलही एक स्पष्टता हवी. तो परस्पर विश्वासाचा करार आहे. डॉक्टर-वकिलांसारखं कायद्याचं संरक्षण त्याला आहे असं गृहीत धरू नका. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणाचे तपशील मीटिंगमध्ये नकोत. ते स्पॉन्सरलाही (हा कोण ते पुढे येतंच) सांगू नयेत, वकिलालाच सांगावेत.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर सोबत करणारा जुना सभासद. त्याची घाई नको, पण महिनाभरात कुणाला तरी विचारावं. किमान एक वर्ष न पिता राहिलेला, पुरुषासाठी पुरुष आणि स्त्रीसाठी स्त्री, आणि ज्याचं ऐकताना "हा माझंच सांगतोय" असं वाटलं असा. तात्पुरता स्पॉन्सरही मागता येतो. नंतर बदलला तर कुणी मनाला लावून घेत नाही.

जवळ मीटिंग नसेल, कामाची पाळी आड येत असेल, तर ऑनलाइन मीटिंगा जवळजवळ चोवीस तास सुरू असतात. तिथे नेहमी चुकतं ते वेळेच्या बाबतीत: यादीतली वेळ दुसऱ्या देशाची असते. खोलीत शिरण्याआधी स्क्रीनवरचं पूर्ण नाव बदलून फक्त पहिलं नाव ठेवा आणि इअरफोन लावा. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. ऑनलाइनवर मात्र मीटिंगनंतरची ती दहा मिनिटं हातची जातात, म्हणून चॅटमध्ये नंबर मागावा. शक्य असेल तिथे आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष खोलीत बसावं.

एए हा एकच मार्ग नाही. १९९४ पासून चालत आलेली स्मार्ट रिकव्हरी वर्तनोपचाराच्या तंत्रांवर चालते. तिथे प्रशिक्षित संचालक असतो, देवाचा संबंध नसतो आणि एकमेकांशी चर्चा करायला मोकळीक असते. 'कुणी काहीच बोललं नाही' हीच दादांची तक्रार असेल तर ती पाहावी. लाइफरिंगही देवाधर्माशिवाय चालते. विमेन फॉर सोब्रायटी फक्त स्त्रियांसाठी आहे. दोन गटांना एकाच वेळी गेलं तरी काही बिघडत नाही. "याने खरंच फरक पडतो का" असं कोणी घरात विचारेल, तर २०२० च्या कॉक्रेन आढाव्याकडे, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालाकडे, बोट दाखवा. त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसं होती. पूर्ण न पिता राहण्याच्या बाबतीत, एएशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड किंवा त्यांहून सरस निघाले. 'पद्धतशीरपणे जोडून देणं' हे महत्त्वाचं. नुसता पत्ता हातात ठेवण्याबद्दल हा निष्कर्ष नाही.

मध्ये पुन्हा प्यायले, ज्याला तिथे 'स्लिप' म्हणतात, तर पुढची मीटिंग चुकवू देऊ नका. शरमेने आठवडा गेला की तो महिना होतो. खोलीत "मी परवा घेतली" एवढं म्हणता आलं तर पुष्कळ झालं. असं म्हणणारा तिथे पहिला कधीच नसतो.

आणि तुमच्यासाठी वेगळी मीटिंग आहे. अल-ॲनॉन, १९५१ पासून, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. घरात किशोरवयीन मुलं असतील तर अलाटीन. दादा जाओत न जाओत, तुम्ही जाऊ शकता, आणि शोधायची पद्धत वर सांगितली तीच. दादा मीटिंगहून परत येतील तेव्हा काय झालं, कोण होतं, तू काय बोललास, हे विचारू नका. तिथलं तिथेच राहू द्या. "पुढची कधी आहे?" एवढं विचारा, आणि तो वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.